दोन किल्ल्यांची अलमारी

माझी पणजी म्हणजे आदिलाबादच्या अरण्यातील सागाचे झाड. शंभराहून अधिक उन्हाळे तिने उभ्याने काढले, पण ती कोणापुढे वाकली नाही. माझी आजी म्हणजे नामपल्लीच्या मालगुदामाची तुळई. छपरावर पत्रे आले, तेव्हा तिला खाली उतरवले गेले. तोवर तिने अर्ध्या शहराचा माल डोक्यावर सांभाळला होता. माझी आई म्हणजे एका युनानी हकिमाच्या दवाखान्यातील मांडणी. तिच्या अंगाला गुलकंदाचा आणि कापराचा वास येई, आणि तो तिने मरेपर्यंत सोडला नाही. या तीन पिढ्यांनंतर माझा जन्म झाला.

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी अलमारी आहे. पुण्यामुंबईकडची मंडळी मला कपाट म्हणतील. म्हणोत बापडी. आमच्या हैदराबादेत मला अलमारी म्हणतात, आणि हाक कोणती मारावी हे ज्याच्या घरी आपण उभे असतो त्याने ठरवायचे असते. आता नीट बसा. मी एकदाच सांगणार आहे.

माझ्या आईच्या फळ्यांतून मला हिम्मतराव सुतारांनी घडवले. ज्यांनी मला घडवून घेतले, ते एकनाथराव नामपल्लीत औषधांचे दुकान मांडू पाहत होते. हिम्मतरावांनी माझ्या दाराला एक कुलूप बसवले आणि मजुरीसाठी हात पुढे केला. एकनाथराव म्हणाले, "अजून एक बसवा."

"एकाच दाराला दोन कुलपं? मालक, आत काय सोनं ठेवणार?"

"विष ठेवणार," एकनाथराव म्हणाले. "एका कुलपाला एक माणूस फसवू शकतो. दोन कुलपांना दोन माणसं लागतात, आणि दोन माणसांना एकमेकांची लाज असते."

हिम्मतरावांनी दुसरे कुलूप बसवले. मग एका रंगाऱ्याने माझ्या कपाळावर तांबड्या रंगात एकच शब्द मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा तीन भाषांत लिहिला. तो शब्द म्हणजे विष. नव्या नवरीच्या कपाळी कुंकू असते. माझ्या कपाळी हे होते. मला त्याची कधी लाज वाटली नाही. ज्या औषधाने वेदना थांबते, तेच औषध माप चुकले की माणूस थांबवते. असे औषध राखणे हा माझा मान होता.

एक किल्ली एकनाथरावांच्या जानव्याला असे. दुसरी त्यांच्या पत्नीच्या, मालनबाईंच्या, कमरेला. त्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या आवाजाला गिऱ्हाईक सोडाच, रस्त्यावरची रिक्षाही थांबत असे. कोणाला माझ्यातले औषध लागले, की दोघांनी माझ्यासमोर यायचे, रुग्णाचे नाव मोठ्याने उच्चारायचे, दोन्ही किल्ल्या फिरवायच्या, मापून द्यायचे, आणि वहीत दोघांनी सही करायची. नवराबायकोचे आदल्या रात्री भांडण झाले असले, तरी या रीतीत खंड पडला नाही. कित्येकदा दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द माझ्यापुढे घेतलेले रुग्णाचे नावच असे.

त्या काळातले एक नाव मी विसरलेली नाही. शंकरराव. हे सिकंदराबादला रेल्वेत फिटर होते. मूळचे परभणीकडचे. त्यांच्या हाडांत कर्करोग शिरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. त्यांची पत्नी सरुबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. ती दर तीन दिवसांनी चिठ्ठी घेऊन येई. एकनाथराव अफूच्या अर्काचे मिश्रण मोजून तिला एका तपकिरी बाटलीत देत. त्या बाटलीमुळे शंकररावांना झोप लागे आणि सरुबाईला भाकरी गिळता येई.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. खंडेनवमीला औजारांची पूजा होते. दुकानातला तराजू, खलबत्ता आणि मी, आम्हांला हळदकुंकू लागते, झेंडू वाहतात. माझ्या दोन्ही किल्ल्या पूजेच्या ताटात ठेवतात. एकदा पूजा झाली, की दसऱ्याच्या सकाळपर्यंत औजाराला काम लावायचे नाही. ताटातली किल्ली उचलायची नाही. एकनाथरावांच्या वडिलांची ही रीत होती आणि ती कधी मोडली गेली नव्हती.

त्या वर्षी खंडेनवमीच्या दुपारी सरुबाई धावत आली. पायांत चपला नव्हत्या. बाटली तिच्या हातून निसटून फुटली होती.

"डॉक्टरसाहेब," ती एकनाथरावांना डॉक्टरच म्हणे, "ते ओरडतायत. शेजारची लेकरं घाबरून बाहेर उभी आहेत."

एकनाथरावांनी ताटाकडे पाहिले. त्यांचा हात उठला नाही. ते वाईट नव्हते, मित्रांनो; ते केवळ मुलगा होते. वडिलांच्या रीतीपुढे मुलाचा हात जड होतो.

मालनबाई पुढे आल्या. ओल्या कुंकवात बोटे बुडवून त्यांनी दोन्ही किल्ल्या उचलल्या, एक नवऱ्याच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "देव उद्या परत येईल. शंकररावांना आज दुखतंय. नाव घ्या."

एकनाथरावांनी नाव घेतले. मी उघडले.

शंकरराव त्यानंतर आठ दिवसांनी शांतपणे गेले. तेराव्या दिवसाची वाट न पाहता सरुबाई दुकानात आली. पदराआडून तिने बाटली काढली. तळाशी दोन बोटे औषध उरले होते.

"हे परत घ्या. घरात राहिलं तर वाईट."

असे औषध परत आणणारी माझ्या आयुष्यातली ती पहिली व्यक्ती. पुढची कितीतरी वर्षे असे करणारी ती एकटीच राहिली. जाताना ती मालनबाईंना म्हणाली, "ताई, माझ्यापायी तुमचा सण मोडला. एका सणाचं देणं राहिलं."

"देणंघेणं कसलं गं त्यात?"

"तुम्ही विसरा. माझ्यापाशी राहू द्या."

सरुबाई पुढे सरकारी इस्पितळात आया म्हणून लागली आणि तीस वर्षे तिथेच राबली. वर्षातून एक दिवस मात्र ती कोणाला देत नसे. दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर. पांढरी साडी नेसून, नामपल्लीहून गाडी पकडून. जाताना आमच्या दुकानावरून जाई आणि आत डोकावून विचारी, "अलमारी बरी आहे ना?" माणसांची विचारपूस सगळेच करतात. माझी करणारी ती एकच.

मग एकनाथराव गेले. त्यांची किल्ली त्यांच्या तसबिरीमागे खिळ्याला लागली. मालनबाईंनी दुकानात येणे सोडले. आपली किल्ली मात्र त्यांनी कमरेची काढली नाही. दुकान त्यांचा मुलगा सुधीर आणि सून त्रिवेणी पाहू लागली. सुधीर सज्जन मुलगा. लहानपणी माझ्या खालच्या कप्प्याशी पाठ टेकून पाढे म्हणत असे. सतराच्या पाढ्याला हमखास अडखळे.

आणि एक दिवस रितेश आला.

हा एका मोठ्या औषध कंपनीचा विक्रेता. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. अशा कंपनीला नावे बदलायला वेळ लागत नाही, आणि मला माझे शब्द वाया घालवायची सवय नाही. रितेश गोष्टींतल्या दुष्टासारखा दिसत नसे. नीट भांग पाडलेला, नम्र, येताना बदामाच्या जाळीची मिठाई आणणारा पोरगा. त्याने एक काचेची बरणी काउंटरवर ठेवली. बरणीत निळ्या गोळ्यांची पाकिटे होती. भिंतीवर त्याने एक कॅलेंडर टांगले. त्यावर एक म्हातारी हसत हसत जिना चढत होती आणि खाली लिहिले होते: 'वेदना विसरा. सवय लागत नाही.'

"साहेब, ही दर्दची नवी गोळी. एकदम हल्की. त्या लाकडी अलमारीत कोंडायची जरूरत नाही. समोर ठेवा, गिऱ्हाईक स्वतः मागेल."

सुधीरने विचारले, "अफूच्याच जातीची आहे ना पण?"

"जात वेगळी, साहेब. कंपनीनं छापून दिलंय ना?"

छापून दिले आहे. मित्रांनो, या तीन शब्दांवर किती घरे बुडाली असतील, ते मोजणारी वही अजून कोणी शिवलेली नाही.

गोळी चालली. रिक्षावाले आले, गवंडी आले, कुकटपल्लीच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारे आले, दिवसभर धुणी धुणाऱ्या बायका आल्या. आधी महिन्याने येत, मग आठवड्याने, मग रोज. रितेशच्या कंपनीने खूश होऊन दुकानाला काचेच्या दाराचा एक मोठा फ्रिज भेट दिला. फ्रिजला जागा हवी होती. जागा माझी होती.

मला दोन हमालांनी मागच्या खोलीत, जिन्याखाली नेऊन टेकवले. तोंड भिंतीकडे अर्धे वळलेले. डोक्यावर रिकामी खोकी आली. पोटात जुन्या डायऱ्या, दिवाळीची तुटकी माळ, बिनकाड्यांची छत्री. माझी कुलपे उघडीच राहिली, कारण राखण्यासारखे काही उरले नव्हते. दर खंडेनवमीला पुढे फ्रिजला झेंडूची माळ पडे. माझ्या वाट्याचे हळदकुंकू आधी चिमूटभर आले, मग तेही आले नाही. सरुबाई रस्त्यावरूनच विचारी, "अलमारी बरी आहे ना?" आणि कोणीतरी बाहेरच्या बाहेर म्हणे, "आहे, आहे, आत आहे."

मी आत होते. सात वर्षे होते.

पाहता येत नाही तेव्हा ऐकावे लागते. मी बरणीचे झाकण ऐकायला शिकले. गिऱ्हाईक आले, की आधी बोलणे होई. "कंबर फार दुखतीय हो." "साब, वो नीली गोली." मग झाकणाचा आवाज. आधी माणूस, मग झाकण, असा तो क्रम होता.

नामपल्लीच्या पुलाखाली सुधीरची स्कूटर घसरली आणि त्याच्या पाठीला मार बसला, त्यानंतर मला एक वेगळा आवाज येऊ लागला. बोलणे नाही. कोणाचे नाव नाही. नुसते झाकण. आधी सकाळी एकदा. मग दुपारीही. मग दर दोन-तीन तासांनी. बारा बारा तास उभे राहणारा माणूस. आधी त्याने पाठीसाठी घेतली, मग पाठ बरी झाल्यावर अंगातली कणकण थांबावी म्हणून घेतली, मग न घेतल्यास हात कापतात म्हणून घेतली. विकणाऱ्यालाही कंपनीचे छापील वाक्य खरे वाटले होते. ते त्याच्याच भिंतीवर सात वर्षे लटकत होते ना.

त्रिवेणीच्या लक्षात पाकिटांची घट येऊ लागली, तेव्हा सुधीरने लपवायला जागा शोधली. एका दुपारी जिन्याखालचे पाऊल माझ्यापाशी थांबले. खोकी बाजूला झाली. माझे दार करकरले आणि सुधीरचा हात आत आला. डायऱ्यांमागे त्याने निळ्या गोळ्यांची पाकिटे सारली.

आता जे सांगते ते सांगताना मला कमीपणा वाटतो, तरी सांगते. मला आनंद झाला. किती वर्षांनी कोणाचा हात माझ्या कप्प्यावरून फिरला होता. त्याच मुलाचा, जो सतराच्या पाढ्याला अडखळत असे. तो दिवसातून चारदा येऊ लागला आणि मी चारदा त्याची वाट पाहू लागले. ज्या विषापासून लोकांना राखायला मला घडवले, त्या विषाला मी लपायची जागा झाले आणि तरी मला बरे वाटत होते. एकटेपणा असा असतो, मित्रांनो. चोराची सोबतही तो सोबत म्हणूनच मोजतो.

त्रिवेणी दुपारी मागच्या खोलीत खोक्यावर बसून फोनवर मालिका पाहत असे. त्या महिन्यात ती एक परदेशी मालिका पाहत होती, हिंदी आवाज दिलेली. त्यात एक मोठी कंपनी होती, वेदनेची गोळी होती, आणि मोठे साहेब एकत्र बसून हसत होते. सबंध गाव हळूहळू त्या गोळीच्या पोटात जात होते. मी आवाजच ऐकत होते. त्यातला एक विक्रेता एका दुकानदाराला म्हणाला, "इसकी आदत नहीं लगती."

त्रिवेणीने फोन थांबवला. मागे सरकवून तेच वाक्य पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकले. मग ती स्वतःशीच म्हणाली, "अगं बाई. हे तर आपल्याच भिंतीवरचं आहे."

नेमक्या त्याच वेळी सुधीर आत आला, तिला न पाहता माझे दार उघडले, हात डायऱ्यांमागे घातला आणि ओंजळ तोंडाशी नेली. वळला तेव्हा समोर बायको उभी.

"किती झाल्या आजच्या?" तिने विचारले.

"पाठ दुखतीय गं."

"पाठीचं मी विचारलं नाही. किती?"

सुधीर खाली बसला. म्हणाला, "मोजणं सोडलंय मी."

औषधांच्या दुकानदाराने मोजणे सोडले, याहून मोठी कबुली नसते. त्रिवेणी त्याला ओरडली नाही. तिने फोन लावला. "आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "दुकानात या. किल्ली घेऊन या."

दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मालनबाई काठी टेकत दुकानात आल्या. योग असा, की रितेश नवीन कॅलेंडर घेऊन तिथेच उभा होता.

"अम्मा, सलाम. टेन्शन घेऊ नक्का, सुधीरसाबचं मी ऐकलं. थोडी कम करा म्हणावं, बस."

"तू स्वतः खातोस का रे ही गोळी?"

रितेश आणलेल्या बदामाच्या जाळीच्या डब्याकडे पाहू लागला.

"तुझ्या आईला देतोस?"

"अम्मा, माझ्यामागं टार्गेट आहे. माझ्यामागं साहेब आहेत."

"तुझ्या साहेबामागं कोण?"

"त्यांचा साहेब."

"आणि त्या शेवटच्या साहेबामागं?"

रितेशने बोटांवर साहेब मोजले. मग हळूच म्हणाला, "तिथं माणूस नाही, अम्मा. तिथं काचेची बिल्डिंग आहे."

"मग त्या बिल्डिंगला हे परत दे." मालनबाईंनी बरणी त्याच्या हातात दिली. वर कॅलेंडर ठेवले. "आणि तो फ्रिजही उचलायला सांग. माझी पहिली सून जिथं उभी होती, ती जागा मोकळी कर."

"सून?"

"अलमारी रे बाबा. कपाळावर लिहिलंय तिच्या ती काय आहे ते. तुझ्या मालासारखी खोटं बोलत नाही ती."

मित्रांनो, सात वर्षांनी मी पुढे आले. त्रिवेणीने माझ्यातली छत्री काढली, उंदराचे घरटे काढले, गोडेतेलाने बिजागऱ्या पुसल्या. उजेड इतका होता, की माझ्या जुन्या रंगाला तो सोसवेना.

सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले, की गोळी एकदम तोडायची नाही, पायरीपायरीने उतरवायची. तशी चिठ्ठी लिहून दिली. त्या उतरत्या मात्रेपुरत्या आणि खऱ्या चिठ्ठीच्या रुग्णांपुरत्या गोळ्या माझ्यात आल्या. एकनाथरावांची किल्ली त्रिवेणीने घेतली. रोज सकाळी दोघी माझ्यापुढे उभ्या राहत आणि मालनबाई मोठ्याने नाव घेत, "सुधीर एकनाथराव." पोटच्या मुलाचे नाव रुग्ण म्हणून घेताना पहिल्या दिवशी त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्या दिवसापासून चिरकला नाही. आठाच्या सात झाल्या, साताच्या पाच. सुधीर घामाने भिजे, कण्हे, कधी चिडून म्हणे, "मी काय चोर आहे?" त्यावर त्रिवेणी म्हणे, "हो. पण आमचा आहेस." पाचाच्या तीन झाल्या. तीनाच्या दोन.

आणि खंडेनवमी आली.

चूक मालनबाईंची झाली. त्यांची भीड ठेवून मी लपवणार नाही, आणि त्यांनाही ते आवडणार नाही. सकाळी सुधीरच्या दोन गोळ्या दिल्या. मग मला पुसले, हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. कित्येक वर्षांनी मी पुन्हा पूजेला बसले होते आणि त्या म्हातारीला भरून आले होते. साठ वर्षांच्या सवयीने तिचे हात चालले: दार उघडून आत कुंकू वाहिले, दोन्ही किल्ल्या ताटात ठेवल्या, नमस्कार केला. दार नुसते लोटले. पूजेनंतर औजाराला काम लावायचे नाही, कुलूप लावणे हेही कामच. शटर ओढून सगळे कुकटपल्लीला घरी जेवायला गेले. माझ्या पोटात भरलेली पाकिटे होती आणि अंगावर एकही कुलूप नव्हते.

दुपारी शटर अर्धे वर झाले. सुधीर एकटा आला. चष्मा विसरल्याचे घरी सांगून आला असावा. चष्मा त्याच्या नाकावरच होता.

त्याने माझे दार ओढले. मी कितीही जुनी आणि कितीही मानाची असले, तरी माझे दार ओढणाऱ्याला उघडावे लागते. लाकडाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर कुलपे असतात. त्याने एक पूर्ण पाकीट घेतले आणि माझ्या खालच्या कप्प्याशी पाठ टेकून जमिनीवर बसला. लहानपणी बसे तसाच. अंगठा पाकिटाच्या चंदेरी पन्नीवर ठेवला. दीड महिन्याचे कष्ट त्या अंगठ्याखाली होते. दोन सह्यांच्या पंचेचाळीस ओळी होत्या. मी माझे सगळे आयुष्य कोणी यावे अशी वाट पाहिली आहे. पण त्या घटकेइतकी कधी नाही.

"अलमारी बरी आहे ना?"

शटरखालून वाकून सरुबाई आत आली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत प्रवासाच्या भाकऱ्या. गाडीला दीड तास होता. तिने सुधीरचा अंगठा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली. हिसकावले नाही, ओरडली नाही. तीस वर्षे वॉर्डात काढलेल्या बाईने गुडघ्यांवर हात ठेवून त्याच्याशेजारी बैठक मारली.

"एक की सगळं पाकीट?" तिने विचारले.

"माहीत नाही, मावशी."

"खरं बोललास. चांगलं झालं. कुलूप का नाही?"

"आज खंडेनवमी. किल्ल्या ताटात आहेत. उचलता येत नाहीत."

"कोण म्हणतं? तुझ्या आईनं उचलल्या होत्या. माझ्या नवऱ्यासाठी. तू आठ वर्षांचा होतास, इथंच झेंडूच्या पाकळ्या खात बसला होतास." ती थोडी हसली. "मी उचलू? मला तुझा देव रागावायचा नाही. आमची ओळखच नाही."

सुधीरच्या तोंडून हसू फुटले आणि त्याच हसण्याचे रडे झाले. सरुबाईने त्याला रडू दिले. पाकीट अजून त्याच्याच हातात होते.

"मावशी, हात सुटत नाही हो."

"सुटेल. मला घाई नाही."

"तुमची गाडी?"

"तू मोकळा हो आधी."

किती वेळ गेला, ते मी मोजले नाही. शेवटी सुधीरने पाकीट माझ्या कप्प्यात परत ठेवले, न फोडता. सरुबाई उठली, ताटातली एक किल्ली तिने घेतली, एक त्याच्या हातात दिली.

"नाव घे," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"ज्याला द्यायचं नाही त्याचं."

सुधीरने स्वतःचे नाव घेतले. दोन्ही किल्ल्या फिरल्या. मग त्याने वही ओढली आणि ओळ लिहिली: 'रुग्ण: सुधीर एकनाथराव. औषध: दिले नाही.' खाली दोन सह्या झाल्या.

तेवढ्यात मालनबाई आणि त्रिवेणी धापा टाकत पोहोचल्या. मालनबाईंना जेवताना घासावरच आठवले होते. त्यांनी बंद कुलपे पाहिली, रिकामे ताट पाहिले, वही वाचली. कोणापुढे न वाकलेली ती बाई खुर्चीचा हात धरून म्हणाली, "चूक माझी. मी दार राखलं नाही." दूर स्टेशनात गाडीची शिटी झाली.

त्या संध्याकाळी सुधीरची तगमग फार वाढली. सरुबाई गेली नाही. ती दसऱ्यालाही गेली नाही. ज्या दिवसासाठी ती वर्षभर पांढरी साडी घडी घालून ठेवी, तो दिवस तिने माझ्यासमोर एका स्टुलावर बसून, सुधीरच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवत काढला. चार आठवड्यांनी मात्रा शून्यावर आली. सुधीरने घरात, स्कूटरच्या डिकीत, बुटांत लपवलेली शेवटची पाकिटेही शोधून आणली आणि कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवली. विष परत आणणारी ती दुसरी व्यक्ती.

त्या गोळीची गोष्ट आता सगळीकडे सांगतात. वर्तमानपत्रात आली, टीव्हीवर चार माणसे एकाच वेळी बोलली, नुमाईशच्या प्रदर्शन मैदानात कॉलेजच्या मुलांनी पथनाट्य केले. सगळ्या गोष्टींत एक दुष्ट असतो आणि शेवटी तो पकडला जातो. मी ऐकते की कंपनीने गोळीचा रंग गुलाबी केला आहे आणि नाव बदलले आहे. काचेच्या इमारतीला कोणी पकडत नाही. म्हणून, मित्रांनो, माझे ऐका. ज्या औषधाने वेदना थांबते, त्याला कुलूप असू द्या. आणि कुलपाला दोन माणसे असू द्या. छापलेले वाक्य खरे मानण्याआधी ते छापणाऱ्याला विचारा, तू घेतोस का. माणूस गप्प गप्प झाकण उघडू लागला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि जुनी वस्तू जिन्याखाली टाकण्यापूर्वी ती इतकी वर्षे काय राखत होती, एवढे एकदा पाहा. तिला बोलता येत नाही. मला आज येते आहे, कारण मी पुढे उभी आहे.

दसऱ्याच्या त्या दिवसाचे एक सांगायचे राहिले. सुधीरला डोळा लागल्यावर सरुबाईने पिशवीतल्या भाकऱ्या सोडल्या आणि एक मालनबाईंच्या हातावर ठेवली. दोघी माझ्यापुढे बसून खात होत्या.

"तुझा सण गेला, सरू," मालनबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षांपूर्वी एक तुमचा गेला होता, माझ्यासाठी. आज एक माझा. फिटलं, ताई."

मालनबाई भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबल्या. "फिटलं म्हणून यायची बंद होशील?"

"छे. इतकी वर्षं देणेकरीण म्हणून येत होते. आता पाहुणी म्हणून येईन."

मालनबाईंनी पदराने डोळे टिपले नाहीत. त्या कधी टिपत नाहीत. त्यांनी दोन्ही हात जोडले, पहिल्यांदा माझ्यापुढे नव्हे, सरुबाईपुढे, आणि म्हणाल्या, "फिटलं. तिळभर उरलं नाही."